पंपातलं तेल : व्हॅक्यूमच्या इतिहासाची मागची बाजू

या व्याख्यानमालेत आपण यंत्रांचा इतिहास पाहत आलो आहोत. आजचं यंत्र आहे व्हॅक्यूम पंप, म्हणजे बंद भांड्यातली हवा उपसून निर्वात पोकळी तयार करणारा पंप. औषधांचे कारखाने, दुधाची भुकटी, ट्रान्सफॉर्मर, विजेचे दिवे, संगणकाच्या चिप, मटण-माशांची हवाबंद पाकिटं, या सगळ्यांच्या मागे तो कुठेतरी घरघरत असतो. या पंपाच्या गोष्टीतला सगळ्यात कंटाळवाणा समजला जाणारा भाग आम्ही आज मुद्दाम निवडलाय. तो भाग म्हणजे त्याची नेहमीची देखभाल, आणि त्यातही तेल बदलणं.

कुणी म्हणेल, तेल बदलण्याला कसला आलाय इतिहास? पण एक गोष्ट बघा. व्हॅक्यूमचा इतिहास सहसा आकड्यांचा सांगतात. अमुक साली अमुक माणसाने इतका कमी दाब गाठला, मग दुसऱ्याने त्याहून कमी गाठला. शर्यतीसारखी मांडणी असते. त्याच पंपांमध्ये काय ओतलं जात होतं आणि ते घाण झाल्यावर काय व्हायचं, हा प्रश्न धरून मागे गेलो की वेगळंच चित्र दिसतं. पाणी, खायचं तेल, पारा, खनिज तेल, महागडी कृत्रिम तेलं आणि शेवटी बिनतेलाचे पंप, असा तो क्रम आहे. यातला जवळजवळ प्रत्येक बदल जुन्या द्रवाची निगा राखणं जड झालं म्हणून घडला. आज आपल्याला एवढंच दाखवायचंय, आणि त्याबरोबर हेही की त्या निगेची किंमत कुणीतरी आपल्या अंगावर मोजली.

घोडे आणि चामड्याची कडी

सुरुवात जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहरातून करू. ओटो फॉन गेरिके हा तिथला महापौर आणि इंजिनिअर. १६५० च्या सुमारास त्याने हवा उपसणारा पंप तयार केला. त्याचं ते चित्र शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी पाहिलंय : तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावलेले, आतली हवा काढलेली, दोन्ही बाजूंनी घोडे ओढताहेत आणि गोल काही सुटत नाहीत.

चित्रात घोडे दिसतात. दोन अर्धगोलांच्या मधली चामड्याची कडी दिसत नाही. मेण आणि टर्पेंटाइन यांच्या मिश्रणात ती भिजवलेली होती. ती कडी कोरडी पडली असती, तर एका माणसानेही ते गोल सहज सोडवले असते. गेरिकेचे त्याआधीचे प्रयत्न वाचले तर ते सगळे गळतीशी झालेल्या भांडणाचेच आहेत. त्याने प्रथम लाकडी पिंपात पाणी भरून ते उपसून पाहिलं. पाणी निघू लागलं तशी फळ्यांमधून सूं सूं आवाज करत हवा आत शिरू लागली. मग तांब्याचा गोल घेतला, तर तो मोठा आवाज करून चेपला. दुसरा नीट गोल घडवून घेतला, तो टिकला. पुढच्या पंपात त्याने सांध्यांभोवती पाणी भरून ठेवायची सोय केली. फट राहिलीच तर तिच्यातून हवेऐवजी पाणी शिरावं, हा विचार. पंपात सीलसाठी द्रव वापरण्याची कल्पना इथे दिसते.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल याने रॉबर्ट हूकच्या मदतीने १६५९ मध्ये आपला पंप उभा केला आणि १६६० मध्ये प्रयोगांचं पुस्तक काढलं. त्या पंपाचा दट्ट्या लाकडी, त्यावर चामडं चढवलेलं. बॉइलने त्यात चक्क सॅलडवर घालायचं तेल ओतलं. चामडं सिलिंडरच्या भिंतीवर सहज सरकावं आणि बारीक फटी बुजाव्यात, म्हणून. कधी कधी त्यात पाणी मिसळलं तर काम अधिक चांगलं होतं, असंही त्याने नोंदवलंय. म्हणजे वंगण आणि सील ही तेलाची दोन कामं पंपाच्या पहिल्या दहा वर्षांतच ठरून गेली होती. आजच्या पंपाची माहितीपुस्तिका उघडा, पहिल्या पानांवर हीच दोन कामं सापडतील.

पाऱ्याची पन्नास वर्षं

यानंतर जवळपास दोनशे वर्षं पंपांची कारागिरी सुधारत गेली, पण मूळ अडचण तीच राहिली. दट्ट्या कितीही घट्ट बसवा, चामडं आणि तेल यांच्यातून थोडी हवा येतेच. मग १८५५ मध्ये बॉन इथल्या हाइनरिख गाइसलर या काचकारागिराने दट्ट्याच काढून टाकला आणि त्याच्या जागी पारा आणला. पाऱ्याची पातळी वर-खाली करायची, पाराच दट्ट्या आणि पाराच सील. १८६५ मध्ये लंडनमध्ये हेर्मान श्प्रेंगेलने आणखी सोपी युक्ती काढली. बारीक काचेच्या नळीतून पाऱ्याचे थेंब खाली पडू द्यायचे. दोन थेंबांच्या मध्ये हवेचा छोटा बुडबुडा अडकतो आणि खाली ओढला जातो. थेंबाथेंबाने भांडं रिकामं होतं.

यंत्र म्हणून हे सुंदर होतं. पण रोज ते चालवायचं कसं? खाली जमलेला पारा पुन्हा वर नेऊन ओतायचा, तासन् तास. पारा स्वच्छ आणि कोरडा हवा, नाहीतर काचेला चिकटतो आणि थेंब नीट तुटत नाहीत. थेंबांच्या सततच्या माऱ्याने नळ्या तडकतात. तरीही या पंपांनीच विजेचा दिवा शक्य केला. १८७९ मध्ये मेन्लो पार्कमध्ये एडिसनच्या माणसांनी गाइसलर आणि श्प्रेंगेल या दोघांच्या पद्धती एकत्र करून दिव्यातली हवा उपसली. तोवर तार पेटून जायची, आता ती तग धरू लागली.

प्रयोगशाळेत एक पंप असतो. दिव्यांच्या कारखान्यात मात्र रांगाच्या रांगा लागल्या. उघडा पारा, फुटणाऱ्या काचा, फरशीच्या फटींत साचणारे थेंब, आणि त्या खोलीत दिवसभर श्वास घेणारी माणसं. पाऱ्याची वाफ दिसत नाही आणि तिला वासही नाही.

ती वाफ काय करते, याची सगळ्यात स्पष्ट साक्ष मोठ्या पदावरच्या माणसाची आहे. आल्फ्रेड स्टॉक हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ. हवेत टिकत नाहीत अशा बोरॉनच्या संयुगांवर त्याने काम केलं, आणि ते सगळं व्हॅक्यूममध्ये, पाऱ्याच्या पंपांनी आणि पाऱ्याच्या झडपांनी. डोकेदुखी, सततची सर्दी, विसरभोळेपणा हे त्रास त्याला वर्षानुवर्षं होत राहिले. नावं आठवेनात, वाचलेलं लक्षात राहीना. कारण कळायला फार उशीर झाला. कळलं तेव्हा, १९२६ मध्ये, त्याने पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर लेख लिहून सगळ्या प्रयोगशाळांना सावध केलं. पुढे खोल्यांची हवा खेळती कशी ठेवायची, सांडलेला पारा कसा गोळा करायचा, याचे नियम सांगण्यातही त्याने बरीच वर्षं घालवली.

आपण थोडा विचार करू. नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञाला आपलं दुखणं पंपातल्या पाऱ्यामुळे आहे, हे समजायला इतका काळ लागला. तर दिव्याच्या कारखान्यात पारा वाहून नेणाऱ्या मजुराला ते कोण सांगणार होतं? स्टॉककडे लेख लिहायला मासिक होतं. मजुराचं दुखणं मजुरासोबतच गेलं.

तेल परत येतं

१८९० च्या दशकात तेल पुन्हा पंपात आलं. इंग्लंडमध्ये हेन्री फ्लूस हा कल्पक माणूस होता, पाण्याखाली श्वास घ्यायच्या साधनासाठीही तो ओळखला जातो. त्याने दट्ट्याच्या वर तेलाचा थर ठेवणारा पंप काढला आणि गेरिकेच्या नावावरून त्याला ‘गेरिक’ असं नाव दिलं. दट्ट्याच्या वर जागाच रिकामी राहायला नको, तेलाने भरून टाकायची, म्हणजे उरलीसुरली हवा तिथे दडून बसत नाही. त्याच सुमारास इटलीतल्या आर्तुरो मालिन्यानी याने दिव्याच्या आत फॉस्फरस वापरून उरलेला वायू शोषून घ्यायची युक्ती काढली. पंपाने निम्मं काम करायचं, बाकीचं फॉस्फरसने. दिव्यांच्या कारखान्यांतून पारा मागे हटू लागला तो असा.

त्यानंतर येतो या गोष्टीतला मोठा माणूस, वोल्फगांग गेडे. हाही जर्मन. १९०५ मध्ये त्याने पाऱ्याचा फिरता पंप दाखवला. पुढच्या काही वर्षांत त्याने कोलोनच्या लायबोल्ड कंपनीबरोबर तेलातला फिरता पंप तयार केला. आज कारखान्यात ज्याला आपण रोटरी पंप किंवा व्हेन पंप म्हणतो तो याच घराण्यातला.

याची रचना समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. एक गोल पोकळ सिलिंडर आहे. त्याच्या आत एक लहान रोटर, मध्यावर न बसवता थोडा एका बाजूला सरकवून बसवलेला. रोटरला खाचा, खाचांमध्ये सरकणारी पाती. रोटर फिरला की पाती भिंतीला घासत जातात. एका बाजूची जागा वाढत जाते, तिथे वायू आत ओढला जातो. दुसऱ्या बाजूची जागा आकसत जाते, तिथे तो दाबला जातो. दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा जास्त झाला की झडप उघडते आणि वायू तेलातून बुडबुडत बाहेर पडतो. पाती आणि भिंत यांच्यातली फट तेलाची पातळ फिल्म बुजवते. हीच फिल्म वंगण देते, उष्णता वाहून नेते, धातूला गंजू देत नाही. आणि आत आलेली सगळी घाणही तिच्यातच जाते.

आता कुणी विचारेल, पाणी का नाही चालत? चालतं की! आपल्याकडच्या साखर कारखान्यांत उसाचा रस व्हॅक्यूम पॅनमध्ये उकळतात, कारण कमी दाबाखाली तो कमी उष्णतेवर उकळतो आणि साखर करपत नाही. एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड याने १८१३ मध्ये इंग्लंडमध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. अशा कामांना पाण्याचं कडं फिरवणारे पंप पुरतात. पाणी घाण झालं तर सोडून द्या, नवीन घ्या. पण पाण्याचीच वाफ होते ना. पाणी ३० अंश सेल्सिअसला असेल, तर सुमारे ४२ मिलिबारच्या खाली असा पंप जाऊच शकत नाही, कारण तिथे त्याचं स्वतःचं पाणीच उकळायला लागतं. तेलाची वाफ फार कमी होते, म्हणून तेलाचा पंप याच्या हजारो पट खाली जातो. मोबदल्यात एक बंधन येतं. पाण्यासारखं तेल सोडून देता येत नाही, ते सांभाळावं लागतं.

एक ग्रॅम पाणी

सांभाळायचं म्हणजे मुख्यतः पाण्यापासून. कारखान्यात जे जे म्हणून व्हॅक्यूममध्ये सुकवतात, त्यातून पाण्याची वाफ निघते. एक ग्रॅम पाणी, म्हणजे वीस-एक थेंब. एक मिलिबार दाबाला, खोलीच्या तापमानाला त्याची वाफ झाली, तर ती सुमारे १,३५० लिटर जागा व्यापते. एवढी वाफ पंपाला उपसावी लागते. ती आत आल्यावर दाबली जाते आणि इथेच घोटाळा होतो. पंप ७० अंशांवर चालत असेल, तर पाण्याची वाफ सुमारे ३१० मिलिबारपर्यंतच वाफ म्हणून राहते. त्याहून जास्त दाबली की तिचं पुन्हा पाणी होतं. झडप मात्र हजाराच्या पुढे उघडते. म्हणजे वाफ दारापर्यंत पोचण्याआधीच पाणी होऊन तेलात मिसळते. तेल ताकासारखं पांढुरकं दिसायला लागतं. पुढच्या फेरीत तेच पाणी आतल्या बाजूला पुन्हा वाफ होतं, आणि पंप दिवसभर स्वतःचंच पाणी उपसत बसतो. व्हॅक्यूम येत नाही, पाती गंजतात.

जुना उपाय एकच होता : तेल काढा, नवीन भरा. नाहीतर वाटेत बर्फासारखा थंड सापळा लावून वाफ आधीच गोठवा. गेडेने १९३५ मध्ये जे सुचवलं, ते त्या काळच्या पंपवाल्यांना उलटं वाटलं असणार. हवा काढायच्या पंपात त्याने मुद्दाम थोडी हवा सोडली. वायू दाबला जात असताना एका बारीक छिद्रातून बाहेरची हवा आत घ्यायची. त्यामुळे एकूण दाब लवकर वाढतो आणि वाफेचा स्वतःचा वाटा ३१० ला पोचायच्या आतच झडप उघडते. वाफ वाफ म्हणूनच बाहेर जाते. याला गॅस बॅलास्ट म्हणतात. जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी भार घालतात, त्यावरून हा शब्द आलाय.

याची किंमतही आहे. छिद्र उघडं असताना पंप तळाचा दाब गाठत नाही. गेडेने पंपाच्या कर्तबगारीतला थोडा भाग सोडला आणि तेलाचं आयुष्य विकत घेतलं. ज्याने आयुष्यभर कमीत कमी दाबाचा पाठलाग केला, त्याचंच हे काम. त्या वेळी तो कार्ल्सरूऱ्हच्या तांत्रिक विद्यापीठात नव्हता. नाझी सत्तेवर आल्यानंतर त्याला तिथल्या प्राध्यापकपदावरून दूर व्हावं लागलं होतं. आज जवळपास प्रत्येक रोटरी पंपावर ही छोटी चकती किंवा नॉब दिसतो.

तेल कुठून येतं

या पंपात जे तेल जातं, ते मुळात कसं बनतं? इथे इतिहास गमतीदार वळण घेतो. १८६६ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात हायरम एव्हरेस्ट आणि मॅथ्यू यूइंग यांनी एक कंपनी काढली, तिचं नावच ‘व्हॅक्यूम ऑइल’. त्यांना कच्च्या तेलापासून रॉकेल काढायचं होतं. व्हॅक्यूममध्ये उकळलं की कमी उष्णता पुरते, तेल जळत नाही. रॉकेल काही फार मिळालं नाही. पण खाली उरलेला दाट तेलकट अंश एव्हरेस्टच्या लक्षात आला. चामड्याच्या साजांना आणि पुढे वाफेच्या इंजिनांना ते उत्तम वंगण ठरलं. आजही कच्च्या तेलातून वंगणाचे अंश वेगळे करतात ते व्हॅक्यूमखालीच. म्हणजे चांगल्या तेलाला व्हॅक्यूम लागतं आणि चांगल्या व्हॅक्यूमला तेल.

या कंपनीचा धागा थेट मुंबईत येतो. व्हॅक्यूम ऑइल पुढे न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड ऑइलमध्ये मिसळली. त्यातून आशियासाठी ‘स्टँडर्ड-व्हॅक्यूम’, थोडक्यात स्टॅनव्हॅक, ही भागीदारी झाली. स्टॅनव्हॅकने १९५४ मध्ये तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, तेलशुद्धीकरण कारखाना सुरू केला. तो पुढे एस्सोकडे गेला आणि १९७४ मध्ये सरकारने घेतल्यावर हिंदुस्थान पेट्रोलियम झाला. माहुलच्या चिमण्या आपल्यापैकी अनेकांनी लोकलमधून पाहिल्या असतील. त्यांच्या वंशावळीत व्हॅक्यूम हा शब्द आहे.

रॉचेस्टरवर पुन्हा येऊ, पण मध्ये मँचेस्टरला थांबून. १९१५ च्या सुमारास गेडेनेच पाऱ्याच्या वाफेवर चालणारा डिफ्यूजन पंप आणला होता. रोटरी पंपाच्या पुढच्या टप्प्याला तो लागतो, म्हणून पारा प्रयोगशाळांत टिकून होता. १९२८ मध्ये मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीत सी. आर. बर्च याने खनिज तेल अत्यंत कमी दाबाखाली उकळून असे अंश वेगळे केले, की त्यांची वाफ जवळजवळ होतच नव्हती. पाऱ्याच्या जागी हे तेल चाललं. त्याला ‘अपिझॉन’ असं ग्रीक वळणाचं नाव मिळालं, अर्थ साधारण ‘दाब नसलेलं’. रॉचेस्टरमध्ये कोडॅक कंपनीत केनेथ हिकमन याच दिशेने काम करत होता. त्याच्या लक्षात आलं की तेल वापरता वापरता तुटतं, हलके अंश तयार होतात आणि तेच व्हॅक्यूम बिघडवतात. म्हणून त्याने चालता चालता स्वतःचं तेल गाळून घेणारे पंप तयार केले. हलका अंश बाहेरच्या बाजूला ढकलायचा, शुद्ध अंश आतल्या बाजूला ठेवायचा. देखभालीचं काम यंत्राच्या रचनेत बसवल्याचं हे नमुनेदार उदाहरण आहे.

काचेच्या खिडकीतून

एवढं सगळं होऊनही रोटरी पंपाचं तेल माणसालाच बदलावं लागतं. ते काम प्रत्यक्षात कसं होतं, हे इथे सांगायला हवं, कारण इतिहासाच्या पुस्तकांत ते येत नाही.

पंपाच्या बाजूला तेलाची पातळी दाखवणारी काचेची खिडकी असते. शिफ्टवर आलेला फिटर आधी तिथे बघतो. तेल मधाच्या रंगाचं, स्वच्छ असेल तर ठीक. पांढुरकं, दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. काळपट असेल तर ते जळलंय किंवा त्यात कण गेलेत. पातळी उगाच वाढलेली दिसली, तर आनंद मानायचा नाही : प्रक्रियेतला एखादा द्रव आत येऊन साचलाय. पातळी भराभर घटत असेल, तर तेल बाहेरच्या वाटेने धुक्यासारखं उडून जातंय, तिथला फिल्टर बघा. मग कान. पाती घासली की आवाज बदलतो. मग हात, म्हणजे पंप नेहमीपेक्षा जास्त तापलाय का.

उत्पादकांच्या पुस्तिकांत तासांचं वेळापत्रक असतं. पहिलं तेल लवकर बदलायचं, कारण नव्या पंपातून धातूचा बारीक चुरा निघतो. पुढे स्वच्छ कामावर दोन-तीन हजार तासांनी किंवा वर्षातून एकदा. पण घाणेरड्या प्रक्रियेवर हेच अंतर आठवड्यावर, कधी कधी दिवसावर येतं. हे पुस्तिका ठरवू शकत नाही. आतून काय ओढलं जातंय हे ज्याला माहीत आहे, तोच ठरवू शकतो.

बदलताना पंप आधी चालवून कोमट करतात, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासकट निघतं. पंप बंद करून त्याची वीज तोडतात, आत हवा सोडतात, खालचा ड्रेन प्लग काढतात. फार घाण असेल तर थोडं नवीन तेल घालून थोडा वेळ फिरवून तेही काढतात. प्लगचं वायसर बघतात, त्याच जातीचं तेल खिडकीतल्या खुणेपर्यंत भरतात, जास्त नाही. दोन जातींची तेलं मिसळत नाहीत. शेवटी लॉगबुकात तारीख, तास आणि जुन्या तेलाचा रंग लिहितात. हा रंग लिहिणं अनेक ठिकाणी राहून जातं, आणि खरं तर तीच सगळ्यात कामाची नोंद असते. वाफेचं काम असेल तर आणखी एक सवय : काम सुरू करायच्या आधी गॅस बॅलास्ट उघडा ठेवून पंप अर्धा तास तापवायचा, आणि संपल्यावरही तसाच थोडा वेळ चालवायचा, म्हणजे तेलातलं पाणी निघून जातं. या अर्ध्या तासात उत्पादन काही होत नाही. म्हणून घाईच्या दिवशी पहिली काट त्यालाच बसते, आणि मग दर आठवड्याला तेल बदलावं लागतं.

इथे पाऱ्याच्या गोष्टीशी नातं जुळतं. प्लग काढणारा माणूस जे बाहेर काढतो, ते निव्वळ तेल नसतं. त्या पंपाने जे जे ओढलं, त्याचा अंश त्यात उतरलेला असतो : सॉल्व्हेंट, आम्लाची वाफ, औषधातलं एखादं द्रव्य. हातमोजे कोणते घालायचे, तोंडाला काय लावायचं, हे पंपाकडे बघून कळत नाही. प्रक्रिया माहीत असावी लागते. आणि बऱ्याचदा प्रक्रिया माहीत असणारा माणूस एका खात्यात आणि प्लग काढणारा दुसऱ्या खात्यात, किंवा ठेकेदाराचा. आपल्याकडच्या २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल घातक म्हणून नोंदलेलं आहे. ते गटारात टाकायचं नाही, कुणाला जाळायला द्यायचं नाही, परवानाधारकाकडेच द्यायचं. कायद्याने तेलाच्या पुढच्या प्रवासाची नोंद ठेवायला लावली, हे चांगलंच झालं. त्याच्या मागच्या प्रवासाची नोंद, म्हणजे त्यात काय काय मिसळलंय याची, प्लग काढणाऱ्यापर्यंत पोचते का, हा प्रश्न अजून खात्याखात्यावर अवलंबून आहे.

तेल हद्दपार होतं, काम उरतं

शेवटचा टप्पा चिपच्या कारखान्यांचा. १९७० च्या दशकात सिलिकॉनच्या चकत्यांवर क्लोरीन आणि फ्लोरिनच्या संयुगांनी नक्षी कोरायची पद्धत आली. हे वायू पंपात शिरले की खनिज तेलाचा चिखल होतो. काही कामांत ऑक्सिजन वापरतात, आणि दाबला गेलेला ऑक्सिजन व गरम खनिज तेल एकत्र आले तर स्फोटाचा धोका. म्हणून फ्लोरिनयुक्त कृत्रिम तेलं आली, फोम्ब्लिन, क्रायटॉक्स अशा नावांची. ती पेटत नाहीत, सहसा कशाशी प्रक्रियाही करत नाहीत. पण इतकी महाग, की बदलण्याऐवजी गाळून पुन्हा वापरायची यंत्रणा पंपाशेजारी उभी करावी लागली. आणि गाळणीत अडकलेलं विष काढायला पुन्हा माणूस आलाच.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून ब्रिटनच्या एडवर्ड्ससारख्या कंपन्यांनी आणि जपानी उत्पादकांनी बिनतेलाचे, म्हणजे ड्राय पंप बाजारात आणले. एकमेकांना न शिवता फिरणारे रोटर, मधल्या फटी अगदी बारीक, तेल वायूच्या वाटेत कुठेच नाही. याहून कमी दाब तेलाचे पंप आधीच गाठत होते, तेव्हा या पंपांची ओढ दाबासाठी नव्हती. पंप सतत बंद ठेवून तेल बदलणं, त्या तेलाची विल्हेवाट लावणं आणि तेलाची वाफ उलटी जाऊन चिप खराब होणं, यातून सुटका हवी होती.

मग देखभाल संपली का? तर नाही. ड्राय पंपाच्या गिअरबॉक्समध्ये तेल असतंच. आतल्या बारीक फटींत प्रक्रियेची पूड साचते, म्हणून सतत नायट्रोजन सोडावा लागतो. आणि पंप बिघडला की तो साधारण जागेवर खोलत नाहीत, दुरुस्ती केंद्रात पाठवतात. खिडकीतून तेलाचा रंग बघून दोष सांगणाऱ्या फिटरऐवजी आता पडद्यावर विजेचा प्रवाह आणि तापमान बघणारा माणूस आहे. विषारी पूड झाडायचं काम गावातल्या कारखान्यातून दूरच्या केंद्रात गेलं. ते करणारे हात बदलले, काम तसंच आहे.

आपल्याकडे मात्र बहुतेक छोट्या-मध्यम कारखान्यांत तेलाचेच रोटरी पंप आहेत आणि अजून बरीच वर्षं राहतील. ते स्वस्त आहेत, जागेवर दुरुस्त होतात, योग्य निगा राखली तर वर्षानुवर्षं चालतात. म्हणून श्रोत्यांना, विशेषतः कारखान्यात काम करणाऱ्यांना, आमची एक विनंती. तुमच्या पंपाच्या लॉगबुकात तारखेसोबत तेलाचा रंग लिहीत चला, आणि त्या पंपातून काय ओढलं जातंय हे पंपावरच, मराठीत, ठळक अक्षरांत लिहून लावा. पुढचा प्लग उघडणाऱ्याला ते वाचता यायला हवं.

आज इथेच थांबू.